बारावा ठिपका

मंगळवार, १ डिसेंबर १९८७

ही डायरी जानेवारीत ह्यांच्या मंत्रालयातून आली आणि अकरा महिने टेलिफोनखाली पडून राहिली. आज उघडली, कारण मनातलं सांगायला घरात माणूस उरलेलं नाही. ह्यांना सांगावं तर म्हणतात, "जाऊ दे गं कुमुद." जाऊ दे, जाऊ दे करताकरता लॅबमध्ये बावीस वर्षं गेली माझी.

तर आज विश्वनाथसाहेबांनी दोरांच्या कामाचा आलेख त्या अरुणाकडे दिला. माझ्यासमोर. "कुमुदजी, अब कम्प्यूटर पर करवा लेते हैं." करवा ना! बावीस वर्षं या लॅबमध्ये मोजमाप कुणाचंही असो, ठिपक्यांमधून रेघ काढायची ती कुमुदने. मोठमोठे शास्त्रज्ञ ग्राफपेपर घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहायचे. आणि ही ऑक्टोबरमध्ये आली, सव्वीस वर्षांची, स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी., केस कापलेले. जन्म इथला, दिल्लीतला, राहते मयूर विहारला, आणि मराठी म्हणजे नुसती खिचडी. "ताई, मला ते समझ नाही आलं." मला तरी कुठे आलंय, बाई!

काम तसं साधं आहे. डोंगरावरच्या पलटणींना नायलॉनचे दोर लागतात. उन्हात पडून दोर कमजोर होतो. किती महिन्यांनी तो फेकून द्यायचा, एवढं आम्ही सांगायचं. एक एप्रिलला गच्चीवर लोखंडी रॅकवर दोर टांगले. दर महिनाअखेर त्यातले पाच तुकडे खाली आणायचे, मशीनवर ताणून तोडायचे. नव्या दोराची ताकद शंभर धरायची आणि आताची किती उरली ते मांडायचं. साठच्या खाली गेला की दोर बाद. काल नोव्हेंबरचा आठवा ठिपका पडला, ८१.७. आठही ठिपके एका उतरत्या रेघेवर, कसे शहाण्या मुलांसारखे. ही रेघ तर मी डोळे मिटून काढली असती.

तुकडे वरून आणतो धोंडीराम. फौजेतून हवालदार होऊन सुटला आणि आमच्याकडे अटेंडंट लागला, साताऱ्याकडचा. त्याचा मुलगा मारुती बर्फातल्या चौकीवर आहे, सून आणि नातवंडं इथे कँटोन्मेंटमध्ये. आज तुटलेले तुकडे आवरताना म्हणाला, "बाई, आमच्या मारुतीकडं हेच दोर. वर बारा म्हैनं बाहेरच लटकत असत्यात. तुमचा कागद जाईल तसं बदलणार." मी म्हटलं, "कागद आता माझा नाही, धोंडीराम. कम्प्यूटरचा."

गुरुवार, ३ डिसेंबर

आज फार राग आला आणि कारण सांगितलं तर लोक हसतील.

थंडी पडली की आमचा अख्खा मजला जेवायला गच्चीवर. डबे, संत्री, शेंगदाणे, विणकाम. जिन्याच्या बाजूची, भिंतीला पाठ टेकून बसायची जागा ही गेली कित्येक वर्षं माझी. सगळ्यांना ठाऊक आहे. आज वर जाते तर तिथे अरुणा, तिच्याभोवती ती सगळी नवी पोरं-पोरी, आणि हसणं-खिदळणं. मला म्हणते, "आइए ना ताई, थोडं सरकतो आम्ही." माझ्याच जागेवर मला सरकून जागा देणार!

मी म्हटलं, नको, मला तिकडे बरं. तिकडे म्हणजे टाकीपुढे, जिथे दिवसभर ऊन असतं. पण तिथे मेला तो दोरांचा रॅक. धोंडीरामला हाक मारली, म्हटलं, हा जरा टाकीमागे सरकव, जेवणापुरती तर गोष्ट. त्याने सरकवला. सतरंजी टाकली आणि बसले एकटी, राणीसारखी. ऊन छान होतं. दहा मिनिटांनी लेखा विभागातल्या दोघीही माझ्याकडे आल्या. अरुणाने दोनदा वळून पाहिलं. पाहू दे.

गुरुवार, ३१ डिसेंबर

नववा ठिपका ८१.६. गेल्या महिन्यात ८१.७ होता. म्हणजे महिनाभरात दोर उतरलाच नाही! अरुणाचा कम्प्यूटर म्हणत होता ७९.६ येईल. तिने पाचही तुकड्यांचे आकडे तीनदा तपासले. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, ही काय कुणी वाचणार आहे?

रविवार, १७ जानेवारी १९८८

नवी डायरी. ह्यांनी यंदा दोन आणल्या, एक मला दिली, म्हणाले, "हल्ली लिहितेस ना काहीतरी."

आज आमच्याकडे हळदीकुंकू झालं. लक्ष्मीबाई नगरातल्या वीस-बावीस बायका, शिवाय अरुणा आणि तिची आई. बोलवायचं नव्हतं, पण ह्यांनीच परस्पर सांगितलं. तिची आई बिचारी साधी. पण ही! काळी साडी नेसून आली, तिळगूळ देताना चक्क वाकून नमस्कार केला आणि बायका मला म्हणतात, "किती गोड मुलगी हो तुमच्या ऑफिसातली." गोड! तिळगुळाचा परिणाम असेल.

ते एक वेळ सोसलं. पण आमची अलका! बारावीला आहे, माझ्याकडून गणित शिकायचं म्हटलं की तिचं डोकं दुखतं. आज आतल्या खोलीत अरुणाच्या पुढ्यात वही घेऊन दीड तास बसली. मी वाण द्यायला आत गेले तर म्हणते, "आई, अरुणादीदी कितनी अच्छी तरह समझाती है, यार." आईला यार. स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर खूश झालो असतो, आपल्या माणसांत एक हुशार मुलगी आली." तुम्ही माझ्या जागी नाही ना!

शुक्रवार, २९ जानेवारी

दहावा ठिपका, ८१.७. पुन्हा तिथेच!

आता गंमत नाही राहिली, हा काहीतरी शोध आहे. घरी येताना बसमध्ये डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोर बोटाएवढा जाड. ऊन वरच्या धाग्यांना जाळतं. आठ महिन्यांत वरचा थर पुरता जळाला की तोच आतल्या धाग्यांना टोपीसारखा होतो. मग आत ऊन पोचतच नाही. म्हणजे दोर उतरतो उतरतो आणि ऐंशीपाशी बसतो. पुढे वर्षानुवर्षं तसाच. साठपर्यंत जाणारच नाही.

साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "कुमुदजी, this is very interesting!" सबंध वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं.

बुधवार, १० फेब्रुवारी

आज अरुणा टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, डिसेंबरमध्ये काही झालं होतं का? मतलब, गच्चीवर?"

मी म्हटलं, "थंडी पडली. दरवर्षी पडते दिल्लीत."

तिने एक कागद पुढे केला. तिच्या रेघेपासून प्रत्येक ठिपका किती दूर आहे, एवढंच त्यावर काढलेलं. पहिले आठ कधी थोडे वर, कधी थोडे खाली, म्हणजे नेहमीची मोजण्यातली चूकभूल. शेवटचे दोन मात्र वरच्याच बाजूला, पायऱ्या चढल्यासारखे. म्हणाली, "चूक असती तर वर-खाली झाली असती ना? हे तर जैसे किसी ने घड़ी रोक दी. नोव्हेंबरनंतर दोराचा वेळच थांबलाय."

"म्हणून काय करणार? ते दोन ठिपके पुसणार?"

"नाही ताई. कारण सापडेपर्यंत कसे पुसू? कारणच शोधतेय."

"कारण मी साहेबांना सांगितलंय," म्हटलं. "तुला पटत नसेल तर तो तुझा प्रश्न."

मोजलेला आकडा नको झाला की त्याच्यात खोट शोधायची, ही आजकालची विद्या. आमच्या सरांनी शिकवलं होतं, ठिपका म्हणजे देव, रेघेने त्याच्या पायाशी जायचं. आणि "गच्चीवर काही झालं का" म्हणजे काय? माझ्या देखरेखीवर संशय? बावीस वर्षांत माझ्या कामात कुणी बोट ठेवलेलं नाही.

सोमवार, २९ फेब्रुवारी

अकरावा, ८१.५. माझी टोपी पक्की!

आज साहेबांनी दोघींना समोर बसवलं. तिची रेघ एका आकड्यावर चालते. दर महिन्याला दोराच्या उरलेल्या ताकदीतले अडीच टक्के जातात, बस्स. त्या हिशेबाने वीस महिन्यांत दोर साठावर येतो. पण शेवटचे तीन ठिपके तिच्या रेघेला सोडून वर उडतात. माझ्या रेघेत चार आकडे आहेत. उतरण्याचा वेग, टोपी कधी बनते, कुठे जाऊन थांबते, आणि पावसाळ्याची थोडी सूट. दोन आठवडे कॅल्क्युलेटरवर बोटं झिजवली, पण रेघ अकराही ठिपक्यांतून जाते, सुईत दोरा ओवावा तशी.

साहेब म्हणाले, कुमुदजींची रेघ अधिक जुळते. त्यावर ही म्हणते कशी, "सर, चार नंबर असतील तर रेघ कुठूनही नेता येते. पाचवा दिला तर रेघ हात पण हलवेल." साहेब हसले. मी नाही हसले. मग माझ्याकडे वळली, "ताई, राग नका मानू. पण जे आकडे बघून रेघ बनवली, त्यांच्यावरच तिची परीक्षा घ्यायची? हे म्हणजे पेपर आधी बघून परीक्षेला बसणं झालं. मार्चचा ठिपका अजून पडला नाही. दोघी आजच लिहून ठेवू, काय येईल ते."

म्हटलं, लिही. घाबरते की काय मी!

दोघींनी आपापली चिठ्ठी लिहिली. साहेबांनी दोन पाकिटांत घालून, चिकटवून आपल्या कपाटात ठेवली. माझ्यात ८१.४. ती बराच वेळ लिहीत होती. एक आकडा लिहायला इतका वेळ?

उठताना दारापाशी मला पुन्हा म्हणाली, "ताई, एकदा वर जाऊन बघायचं का दोघींनी?" म्हटलं, गुडघे दुखतात माझे. हवा तापायला लागली, आता गच्चीवर कोण जातं?

सोमवार, १४ मार्च

विशेष काही नाही. अलका रविवारी मयूर विहारला गेली होती, अरुणाकडे, गणितासाठी. येताना तिच्याबरोबर अरुणाने बेसनाचे लाडू पाठवले, स्वतः केलेले. एक खाल्ला. बेसन नीट भाजलेलं नव्हतं. बरं, थोडं भाजलं होतं.

गुरुवार, ३१ मार्च

जिंकले!

अकरा वाजता धोंडीरामने तुकडे आणले. अर्धी लॅब मशीनभोवती. एकेक दोर ताणला जायचा, करकरायचा आणि फाडकन तुटायचा. पाचवा तुटेपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. सरासरी ८१.४. दशांशासकट! साहेबांनी पाकिटं फोडली. माझं वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिचं, ७३.८. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तिने नुसती मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. काय होतं ते मला कळलं नाही.

साहेब म्हणाले, अहवाल पुढच्या गुरुवारी जाईल. सध्या फौज वर्षाला दोर बदलते. आपण लिहायचं, पाच वर्षं बिनधास्त वापरा. अहवालावर पहिलं नाव माझं. पहिलं! बावीस वर्षांत आभाराच्या ओळीतसुद्धा कधी आले नव्हते. शिवाय माझ्या प्रमोशनसाठी वर लिहिणार म्हणाले.

धोंडीरामनेही ऐकलं. म्हणाला, "पाच वर्सं? लई टिकाऊ निघाला की, बाई. मारुतीला लिहितो. आता तो दोराला उगा घाबरायचा न्हाई."

येताना पेढे आणले. अलका म्हणाली, "आई, तू तो छा गई!" एवढ्यासाठी चार महिने जळले मी. पेढा गोड लागला, मनापासून.

सोमवार, ४ एप्रिल

अहवालात फोटो हवा होता, रॅकशेजारी उभी मी. मुद्दाम इंदुरी साडी नेसून गेले, निळी. फोटोग्राफरबरोबर गच्चीवर चढले, धोंडीराम मागे. तीन महिन्यांनी गेले असेन. रॅक टाकीमागे होता. मी शेजारी उभी राहिले, पदर नीट केला. फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावून म्हणाला, "मैडम, यहाँ तो पूरी छाया है. रैक को धूप में ले आइए ना."

छाया.

मी रॅककडे पाहिलं. मग टाकीपुढे गेले. तिथे चुन्याच्या फरशीवर गंजाचे चार डाग होते, रॅकच्या चार पायांचे. मधोमध संत्र्याची वाळलेली सालं पडली होती. माझी.

धोंडीरामला विचारलं, "हा इथे कधीपासून आहे?"

"तुम्हीच सांगितलं की बाई सरकवाय. डिसेंबरात."

"अरे, जेवणापुरता म्हटलं होतं!"

"म्हणाला व्हता. पन माघारी ठेव असं कुणी म्हणालं न्हाई. आमाला सवय हाये बाई, हुकूम न्हाई तर हात लावायचा न्हाई." आणि मग, अगदी सरळ मनाने, "का? बिघडलं काय?"

फोटो काढला. कसा आला असेल देव जाणे. कसली टोपी नि कसला थर! चार महिने दोर सावलीत होता, म्हणून उतरला नाही. घड्याळ खरंच थांबलं होतं, आणि थांबवलं मी. का? तर एका पोरीने गच्चीवर माझी बसायची जागा घेतली म्हणून. माझ्या चार आकड्यांच्या रेघेने काय दाखवलं? टाकीची सावली. तीही दशांशासकट बरोबर.

मंगळवार, ५ एप्रिल

कुणालाही ठाऊक नाही. धोंडीरामला सांगूनही कळणार नाही. फोटोग्राफर बाहेरचा.

सकाळपासून स्वतःला समजावतेय. सावलीतला दोर टिकतोच ना? अहवालात "सावलीत ठेवावा" अशी ओळ घातली तर? किंवा रॅक गुपचूप मागे ठेवायचा, पुढच्या वर्षी आकडे उतरले की म्हणायचं, नव्याने अभ्यास करायला हवा. साहेबांनी प्रमोशनचं पत्र टाइप करायला दिलंय, टायपिस्टने डोळा मारून सांगितलं. पहिलं नाव. कुमुद. कुणाला काय फरक पडतो?

दुपारी धोंडीराम आंतर्देशीय पत्र घेऊन आला. लिहिता येतं त्याला, पण पत्ता इंग्रजीत घालायला माझ्याकडे आणतो, नेहमीच. पत्र उघडंच होतं, दिसलं. "चि. मारुतीस आशीर्वाद. बाईंनी शोध लावला की दोर पाच वर्षं टिकतो. बाईंचं नाव मोठं झालं. तू जुना दोर बदलायची घाई करू नको."

त्याच्या हाताने लिहिलेलं, माझ्या नावावर. मी म्हटलं, "धोंडीराम, हे पत्र आज टाकू नकोस."

"का बाई?"

"पत्ता उद्या घालते."

पत्र माझ्या पर्समध्ये आहे.

बुधवार, ६ एप्रिल

सांगितलं.

सकाळी ह्यांना म्हटलं, मी आज ऑफिसात स्वतःचं नाक कापून घेणार आहे. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणतील "जाऊ दे गं". तसं नाही म्हणाले. म्हणाले, "चल, स्कूटरवर सोडतो."

साहेबांसमोर उभी राहिले. बसले नाही. म्हटलं, सर, रॅक तीन डिसेंबरपासून सावलीत आहे, मी हलवायला लावला, कामासाठी नव्हे. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलता आलं असतं, साफसफाईसाठी म्हणता आलं असतं. म्हटलं, "मुझे धूप में बैठना था." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "फाइल पर लिख दीजिए." एवढंच. कुमुदजी म्हणाले नाहीत.

लिहिलं. "३ डिसेंबर १९८७ रोजी रॅक माझ्या सांगण्यावरून उन्हातून सावलीत हलवण्यात आला. त्यानंतरचे चारही आकडे उन्हाच्या परीक्षणासाठी ग्राह्य धरू नयेत." हिंदीत, खाली सही. कागद फाइलला लावायला गेले तर त्या दिवशीच्या दोन्ही चिठ्ठ्या तिथेच टाचलेल्या. माझी, ८१.४. तिची, ७३.८. टाचणी काढताना तिची चिठ्ठी उलटी झाली.

मागे मराठीत लिहिलं होतं, बारीक अक्षरात, त्या मेल्या खिचडी मराठीत.

"ताई, हा नंबर रॅक नोव्हेंबरमध्ये जिथे होता तिथेच असेल तर आहे. हलला असेल तर तुमचा नंबर येईल, आणि आपण दोघी चूक."

ही फाइल हाताळणाऱ्यांत मराठी वाचणाऱ्या दोघीच, ती आणि मी. साहेबांनी चिठ्ठी उलटली असती तरी त्यांना कळलं नसतं. तिने माझ्यासाठी लिहिलं होतं. आणि मी महिनाभर विचार करत होते, एक आकडा लिहायला इतका वेळ का लागला!

गुरुवार, ७ एप्रिल

सकाळी तिला जिन्यात गाठलं. आभार मानायला गेले होते, भांडूनच आले. म्हटलं, "तुला ठाऊक होतं तर तोंड का नाही उघडलंस? त्या मारुतीच्या जिवापेक्षा माझी अब्रू मोठी वाटली तुला?"

ती दचकली नाही. बॅगेतून एक बंद पाकीट काढलं, वर साहेबांचं नाव. "पक्कं ठाऊक नव्हतं ताई, शक होता. परवा वर जाऊन ते चार निशाण बघितले. अहवाल आज बारा वाजता जाणार होता ना? मी अकराला हे देणार होते." मग म्हणाली, "तुम्ही आधी जाल असं वाटत होतं. म्हणून अकरा. नाहीतर नऊलाच दिलं असतं."

म्हटलं, "आणि मी गेले नसते तर?"

"तर दिलं असतं," ती म्हणाली. अगदी शांतपणे. आणि मला माहीत आहे, दिलंच असतं.

अहवाल गेला नाही. त्याऐवजी एक पानाचं पत्र गेलं, दोर सध्या वर्षाला बदलतात तसेच बदलत राहावे, परीक्षण पुढे चालू आहे. खाली दोन नावं, अरुणाचं पहिलं. प्रमोशनचं पत्र टायपिस्टने मशीनमधून काढून घेतलं. धोंडीरामला त्याचं आंतर्देशीय परत दिलं आणि सांगितलं, नवं लिही. लिही की बाई चुकल्या, दोर वेळेवर बदल. तो म्हणाला, "चुकल्या असं कशाला लिहू, बाई?" म्हटलं, लिही, हुकूम आहे. मग त्याने लिहिलं. पत्ता मी घातला आणि पेटीत मीच टाकलं.

दुपारी आम्ही तिघांनी मिळून रॅक उचलला आणि चारही पाय त्या चार डागांवर बरोबर ठेवले. अरुणाने लाल ऑइलपेंटने टाकीवर लिहिलं, रैक हिलाना मना है. म्हणाली, ताई, खाली सही तुम्ही करा. केली.

उन्हात काम करून दोघी घामाघूम झालो. तिने आपल्या बाटलीतलं पाणी आधी मला दिलं. हुशार आहे, तरुण आहे, माझी मुलगी तिच्यामागे फिरते, आणि आता वर चांगलीही निघाली. आत्तापर्यंत निदान तेवढं तरी माझ्यापाशी आहे असं समजून होते. आता तिच्या चांगुलपणावरही जळायचं म्हणजे कमाल झाली.

पाणी प्यायले. अर्धी बाटली तिला ठेवली. घरी आल्यावर अलकाला म्हटलं, रविवारी अरुणादीदीकडे जाशील तेव्हा मला सांग, मीही येते, तिला बेसन भाजायला शिकवायचंय.